जुळ्या शब्दांची बाई

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा माझ्याकडे इंग्रजी टायपिंग चाळीसचं सर्टिफिकेट होतं, ऑफिसात नेसण्याजोग्या तीन साड्या होत्या आणि एक दोनशे पानी वही होती. वहीत इंग्रजी शब्दांच्या जोड्या होत्या. दिसायला सख्खी भावंडं, पण अर्थ एकमेकांच्या दारातही न उभे राहणारे. पर्सनल आणि पर्सोनेल. लूज आणि लूस. डेअरी आणि डायरी. कन्फर्म आणि कन्फॉर्म. स्टेशनरी तर दोन, एक कागद-पेन्सिलींची आणि दुसरी जागची न हलणारी. ऑफिसात या वहीला ‘जुळ्यांची वही’ म्हणायचे आणि माझ्या पाठीमागे मला ‘जुळ्या शब्दांची बाई’. मला ते कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

वही सुरू झाली पेणला. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता. आठ मशिनं, त्यातल्या दोहोंची घंटा वाजत नसे. आमचे सर लाल पेन्सिल कानावर ठेवून मागून फिरायचे. त्यांचा एकच धडा होता. समोरच्या कागदावर नजर, बोटं कळांवर, आणि डोकं घरी. मजकूर वाचायला लागलात की स्पीड पडलाच म्हणून समजा. मला ते जमायचं नाही. मी वाचायची. वाचलं की मुळातलीच चूक दिसायची, आणि दिसली की मी ती दुरुस्त करून टाकायची. परीक्षेत दुरुस्ती हीसुद्धा चूक धरतात, म्हणून सर वैतागायचे. “तुला नोकरी करायची आहे की मास्तरकी?” असं विचारायचे. माझं गाव पेणपासून खाडीच्या बाजूला, वडील मिठागरावर कामाला. आई म्हणायची, “एवरी अक्षरा शिकून काय करशील गो?” मी काय करणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं, पण माझी अक्षरं चुकत नाहीत एवढा माज मात्र तेव्हापासून होता.

धाटावला गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्या माजाला खतपाणी मिळालं. आमचे साहेब पर्सोनेल ऑफिसर. तरुण होते, विदर्भाकडचे, वागायला सरळ. त्यांच्या केबिनच्या दारावर पाटी रंगवून घ्यायची होती. पेंटरला द्यायचा कागद माझ्या हातात आला तर त्यावर पर्सोनेलच्या जागी पर्सनल. म्हणजे साहेब कंपनीचे राहिलेच नाहीत, कुणाचे तरी खाजगी झाले. मी तसं तोंडावर सांगितलं. शेजारचे क्लार्क मान खाली घालून हसू दाबत होते. साहेब मात्र मोकळेपणाने हसले आणि त्या दिवसापासून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर यायला लागलं. आठवडाभर मी रोह्याला एका खोलीत राहायची आणि शनिवारी संध्याकाळी नागोठण्यावरून एसटीने पेणला जायची. त्या एसटीत मी फार ताठ बसत असेन.

वहीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं ते प्लँटमधला एक हेल्पर. कोलाडच्या आतल्या अंगाला त्याचं गाव, घरची भाताची आणि वालाची शेती. वय असेल अठ्ठावीस-तीस. आठवी झालेला, कामात चोख. त्याला ऑपरेटर व्हायचं होतं, पण ऑपरेटरला लॉगबुक इंग्रजीत भरावं लागे, आणि तिथे त्याचं घोडं अडलं होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात गेटपासचा तुकडा, त्याच्या मागे दोन शब्द लिहिलेले.

“बाई, ह्या दोगांत फरक काय?”

शब्द होते व्हॉल्व्ह आणि व्हॅल्यू. मी म्हटलं, “पहिलं म्हणजे तुम्ही रोज फिरवता ते चाक. दुसरं म्हणजे किंमत.”

तो कागदाकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. “म्हंजे इतके दिस मी किंमतच बंद करत व्हतो म्हना की!”

मग रोज दुपारी दोन शब्द असं ठरूनच गेलं. तो डबा खाऊन हात पुसत यायचा, दोन शब्द विचारायचा, आपल्या एकरेघी वहीत उतरवून घ्यायचा आणि हूटरच्या आधी जायचा. अ‍ॅक्सेप्ट आणि एक्सेप्टला त्याने मला फार छळलं. घ्यायचं कुठलं आणि वगळायचं कुठलं हे त्याच्या डोक्यात बसायला पंधरा दिवस लागले. मी चिडायची, टेबलावर पट्टी आपटायची. तो म्हणायचा, “चिडू नका बाई, उद्या पुन्ना येतो.” आणि यायचाच. वालाच्या दिवसांत माझ्या टेबलाखाली शेंगांची पिशवी ठेवून जायचा. वर्षाने तो ऑपरेटर झाला. पेढे वाटत फिरला तेव्हा सगळ्यांना सांगत होता, “बाईंनी केला मला.” मी वरवर ‘छे छे’ म्हटलं, पण मनातून मला ते शंभर टक्के पटलं होतं.

त्याला कंपनीत चिकटवलं होतं ते दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरने. ते त्याच्या शेजारच्या गावचे, पन्नाशीच्या पुढचे. सगळा प्लँट त्यांना काका म्हणायचा. तो तर त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नसे.

आणि मग ती संध्याकाळ आली. दुसऱ्या शिफ्टला एक टाकी भरून वाहिली. माणसाला काही झालं नाही, पण टाकीतलं सगळं नाल्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यातले मासे पोटं वर करून काठाला लागले. खालच्या गावची माणसं ते मासे टोपल्यांत भरून गेटवर घेऊन आली. त्या वासाने दिवसभर ऑफिसात कुणाला जेवण गेलं नाही. फोन वाजत होते, मोटारी येत होत्या. कुणावर तरी हे ढकलल्याशिवाय प्रकरण थंड होणार नव्हतं, आणि त्या वेळी त्या टाकीवर ड्युटी होती माझ्या ऑपरेटरची. तिसऱ्या दिवशी त्याला सस्पेंड केलं.

त्याची चार्जशीट मीच टाइप केली. साहेबांच्या हस्ताक्षरातल्या मसुद्यात दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. चार्जशीटला लॉगबुकच्या त्या दिवसाच्या पानाची नक्कल जोडायची होती, म्हणून लॉगबुकही माझ्याकडे आलं. मी पान उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. शिफ्ट सुरू झाल्यावर दहाच मिनिटांनी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, सुपरवायझरला सांगितलं. इंग्रजीत. चार छोट्या शब्दांची दोन वाक्यं आणि एकही चूक नाही. त्याने आपलं काम केलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं काकांनी. एवढं एक पान वाचून दाखवलं की तो सुटला, इतकं ते सरळ होतं. मी ते पान मनापासून टाइप केलं, खाली ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असं लिहिलं आणि निर्धास्त झाले.

सस्पेंड झालेल्या माणसाला गेटच्या आत घेत नाहीत. चार-पाच दिवसांनी दुपारी तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर माझी वाट बघत उभा होता. अंगात धुतलेला शर्ट, पण दाढी वाढलेली. चार्जशीट त्याने चौघडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. त्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली.

“बाई, नेग्लिजन्स म्हंजे वो काय? आपल्या वहीत नेग्लिजिबल हाय. त्याचा अर्थ तुमी सांगितलावता, अगदी थोडंसं, सोडून देन्यासारखं. तसाच काय ह्यो?”

आणि मी शिकवायला लागले. भर उन्हात, टपरीच्या बाकड्याशी उभं राहून मी त्याला दोन्ही शब्द फोडून सांगितले. एकाचा अर्थ नगण्य, दुसऱ्याचा हयगय. मूळ एकच, पण वाटा कशा फुटल्या तेही सांगितलं. उदाहरणं दिली. तो मान हलवत ऐकत होता. आज आठवलं की मला माझीच चीड येते. माणसाच्या पोटावर आलं होतं आणि मी त्याला शब्दाचं कूळ सांगत होते.

शेवटी मी म्हटलं, “लॉगबुकचं पान आहे ना तुमचं? मग झालं. तेवढं दाखवा. काही घाबरू नका.”

“पान तर हायच बाई,” तो म्हणाला. “पन काका म्हनतात का...”

तेवढ्यात हूटर झाला. दोन मिनिटं उशीर झाला की टाइम ऑफिसात खाडा लागायचा. मी “नंतर सांगा” म्हणून धावले. काका काय म्हणतात ते मी कधी विचारलंच नाही.

इन्क्वायरीच्या दिवशी कॉन्फरन्सच्या खोलीत मोठं टेबल लावलं होतं. एका टोकाला इन्क्वायरी ऑफिसर, बाहेरून बोलावलेले वकील. त्यांच्या डाव्या हाताला कंपनीची बाजू मांडायला साहेब. खिडकीशी छोट्या टेबलावर मी आणि माझं मशीन, तीन प्रतींचे कागद कार्बनसकट चढवलेले. लॉगबुक टेबलाच्या मधोमध होतं. त्यात खूण म्हणून घातलेली कागदाची पट्टी मला बसल्या जागेवरून दिसत होती. त्याला मदतनीस म्हणून एक सहकारी आणायची मुभा होती. तो एकटाच आला. नवी टोपी, हातात कापडी पिशवी.

आत आल्यावर त्याने चपला दाराबाहेर काढल्या. सगळ्यांना नमस्कार केला, मलासुद्धा. मग पिशवीत हात घातला, एक सोललेला नारळ काढला आणि इन्क्वायरी ऑफिसरसमोर कागदांवर ठेवला. शेंडी त्यांच्याकडे करून.

त्या खोलीत त्या नारळाचा अर्थ मला एकटीला कळला होता.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या गावच्या खारलँडच्या बांधाला उधाणात खांड पडलं होतं. शेतात खारं पाणी घुसलं, दोन-तीन घरांची पिकं गेली. त्या दिवशी बांधावर राखणीची पाळी माझ्या वडिलांची आणि एका म्हाताऱ्याची होती. म्हातारा झोपला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी देवळात बैठक बसली तेव्हा वडिलांनीच नारळ पुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाले, “माझा चुकला.” म्हाताऱ्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही. दोघांतला वयाने लहान असेल त्याने पुढे व्हायचं, नारळ ठेवायचा, चूक पदरात घ्यायची. मग जाणती माणसं म्हणतात, “ऊठ.” नारळ तिथेच फोडतात, सगळ्यांना वाटतात, आणि ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही. वडिलांना कुणी दंड केला नाही, कुणी टाकून बोललं नाही. उलट त्यानंतर गावात त्यांचा शब्द वाढला. अट एकच, की नारळ ठेवल्यावर वाद घालायचा नाही. वाद घातला तर नारळ फुकट गेला.

काका त्याला काय म्हणाले असतील ते मला तेव्हा समजलं.

इन्क्वायरी ऑफिसरनी नारळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “हे काय?”

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “देवाला वगैरे निघाला असेल.”

ऑफिसरनी नारळ उचलून बाजूच्या खिडकीत ठेवला. चार्जशीट मराठीत वाचून दाखवली आणि विचारलं, “आरोप मान्य आहे का?”

तो हात जोडून उभा होता. “चुकलं साहेब. पदरात घ्या.”

“म्हणजे मान्य आहे?”

“व्हय.”

“कुणाचा दबाव आहे? कुणी सांगितलं असं म्हणायला?”

“नाय साहेब. माजं मीच बोलतो.”

“काही पुरावा, काही साक्षीदार द्यायचाय? लॉगबुक आहे इथे.”

मी त्याच्याकडे बघत होते. त्याने लॉगबुककडे पाहिलंसुद्धा नाही. “कायपन नको साहेब. तुमी मोटी मानसं. सांबाळून घ्या.”

त्याचा चेहरा हलका झाला होता. नारळ ठेवून झाला होता, शब्द बोलून झाला होता. आता टेबलामागून कुणी तरी “ऊठ” म्हणेल याची तो वाट बघत होता. इन्क्वायरी ऑफिसर माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत सांगायला लागले. मी टाइप करायला लागले. आरोपी कामगाराने स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, आरोप संपूर्णपणे मान्य केला आहे. ‘स्वखुशीने’ या शब्दावर माझी बोटं थांबली.

“पुढे सांगू?” ऑफिसरनी विचारलं.

त्या क्षणी बोलायचं होतं. काय बोलायचं तेही मला माहीत होतं. साहेब, हा कबुली देत नाहीये, हा वडीलधाऱ्याची चूक स्वतःवर घेऊन गोष्ट मिटवतोय. ती खूण घातलीय ते पान उघडा. एवढंच. एका अक्षरासाठी भरल्या ऑफिसात साहेबांना हटकणारी मी. पण दोन वर्षं होत आली तरी माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. कन्फर्मेशन महिन्यावर आलं होतं. घरात पगार आणणारी मी एकटी. वडिलांच्या पायांना मिठाने भेगा पडल्या होत्या आणि ते मिठागरावर जायचे थांबले होते. आणि इन्क्वायरीत टायपिस्टने तोंड उघडायचं नसतं, हे मला कुणी न सांगताही कळत होतं. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? ऑफिसरनी पेन टेबलावर एकदा वाजवलं तेवढा.

“सांगा सर,” मी म्हटलं.

आरोप मान्य झाल्यामुळे पुढील पुरावा तपासण्याची गरज उरत नाही. मी तेही टाइप केलं. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. लॉगबुक होतं तसंच बंद राहिलं. मी कागद मशिनातून काढले, कार्बन वेगळे केले आणि प्रती टेबलावर ठेवल्या. ऑफिसरनी त्याला मजकूर मराठीत सांगितला आणि म्हणाले, “हवं तर वाचून बघ. समजल्याशिवाय सही करू नकोस.” त्यांचं काही चुकलं असं आजही मला म्हणता येत नाही.

त्याने कागद हातात घेतला, पण वाचला नाही. माझ्याकडे बघून हसला. “बाईंनी लिवलंय ना, मंग काय वाचायचंय,” म्हणाला, आणि माझ्याकडे शिकलेल्या इंग्रजीत तिन्ही प्रतींवर सावकाश सही केली. मग जरा वेळ तसाच उभा राहिला. शेवटी साहेब म्हणाले, “झालं. तू जा आता.” तो सगळ्यांना पुन्हा नमस्कार करून गेला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी ठरवायची, आज साहेबांना सांगायचं. एकदा तर लॉगबुकच्या पानाची नक्कल फायलीतून काढून केबिनमध्ये गेलेसुद्धा. साहेबांनी मान वर करून “बोला” म्हटलं, आणि मी दुसऱ्याच दोन पत्रांवर त्यांच्या सह्या घेऊन बाहेर आले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडवत नसे. टेबलाशी कुणी येऊन उभं राहिलं की मी मान वर न करता मशीनवर नवा कागद चढवायला लागायची. काका एकदा गाठ पडले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “जरा गप राहा बाई. नारळ ठेवलाय पोरानं. मिटंल.” त्यांनी मुद्दाम त्याचा गळा कापला असं मला तेव्हाही वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाला जी वाट ठाऊक असते ती त्यांनी त्याला दाखवली होती. मी तर दोन्हीकडच्या वाटा जाणणारी होते.

शेवटी एका दुपारी साहेबांकडून दोन मसुदे आले. एक त्याचं डिसमिसलचं पत्र, एक माझं कन्फर्मेशनचं. दोन्ही मीच टाइप केली, एकाच मशीनवर, एकामागून एक. दोन्हींत चूक नव्हती.

त्या रविवारी मी पेणला गेले नाही. कोलाडची एसटी पकडली, नाक्यावर उतरले आणि विचारत विचारत चालत त्याच्या गावी गेले. त्याच्या अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या आणि त्याची बायको त्या पायाने उलथत होती. मला पाहून तो लगबगीने बाहेर आला. चटई टाकली, पाणी दिलं. बायकोला म्हणाला, “अगो, ह्या आमच्या बाई.” ती पदर सारखा करून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पत्र येऊन पोचलंय.

“काल आलं,” तो म्हणाला. “वाचलं मी. पयल्या ओळीतच समजलं.” मग म्हणाला, “बाई, नारळ ठेवल्यावर बी काढतात व्हय?”

मी त्याला सगळं सांगून टाकलं. ते पान न उघडता बंद राहिलं ते मी पाहिलं होतं, नारळाचा अर्थ मला कळला होता, आणि आमच्या गावीही तीच रीत आहे, सगळं. तो खाली बघत ऐकत होता. त्याची बायको मात्र माझ्याकडेच बघत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं. आवाज चढवला नाही, रागावलीही नाही.

“बाई, तुमी तितंच बसल्या व्हत्या ना? मंग बोलल्या का नाय?”

“गप गो,” तो तिच्यावर खेकसला. “कायपन काय विचारतंस? त्या व्हत्या म्हनून तर मी सही केली. त्या बसल्यात तवर मला भ्या कसली?”

मला तिथे रडू फुटलं. दुसऱ्याच्या अंगणात, दोन मुलं दारातून बघत असताना, मी पदर तोंडाला लावून रडले. तिने मला पुन्हा पाणी आणून दिलं. मी शांत झाल्यावर तो म्हणाला, “कामगार कोरटात जायला वकील सांगतोय. आता बोलाल, बाई?”

मी “बोलेन” म्हटलं. खोटं कशाला सांगू, परतीच्या एसटीत कोलाड सुटायच्या आत माझ्या मनात पळवाटा सुरू झाल्या होत्या. पण रोह्याला खोलीवर पोचेपर्यंत एकही पळवाट त्या बाईच्या प्रश्नापुढे टिकली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मी साक्षीला उभी राहणार हे कळल्यावर मला काढलं नाही, पण साहेबांची पत्रं माझ्या टेबलावर यायची बंद झाली आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. वर्षाच्या आत मीच नोकरी सोडली आणि रोह्याला दोन मशिनं घेऊन टायपिंगचा क्लास काढला. कोर्टाने त्याला परत घ्यायला लावलं, पण निकालाला सहा वर्षं लागली. त्या वर्षांत तो हायवेवरच्या हॉटेलांत भांडी घासत होता आणि त्याच्या बायकोने दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली. परत घेतला तो हेल्पर म्हणून. काकांवर त्याने शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही.

साक्षीच्या दिवशी तो मागच्या बाकावर बसला होता, बायको शेजारी. कंपनीच्या वकिलांनी इन्क्वायरीचे कागद माझ्या हातात दिले.

“हे तुम्हीच टाइप केलंय?”

“हो.”

“यात एखादा शब्द चुकीचा आहे?”

“नाही.”

“तुम्हाला इंग्रजी उत्तम येतं. लॉगबुकात काय आहे ते माहीत होतं. तो नारळ कशासाठी होता तेही कळलं होतं, असं आज म्हणता. मग त्या दिवशी हरकत का घेतली नाहीत?”

आमच्या वकिलांनी या प्रश्नाचं एक उत्तर मला आदल्या दिवशी दोनदा घोटून दिलं होतं. टायपिस्टला बोलण्याचा अधिकार नसतो, असं काहीसं. खोटंही नव्हतं ते. पण मागच्या बाकावरून ती बाई माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी अंगणात बघत होती तशीच.

“माझी नोकरी जाईल म्हणून मी भ्याले,” मी म्हटलं, “आणि त्याची जाऊ दिली.”